तारेवरून येणारी पहिली फाईल

मोडनिंब,
१४ जून २०२४

समरा मुजावर हिला,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. ते शेवटी बघू.

काल धुळाचा फोन आला होता. मी निवृत्त झाल्यावर लॅबची खबर देणारा तोच एक अटेंडंट उरलाय. बाकीच्यांना मी आहे की गेलो याचंही काही पडलेलं नाही. तो म्हणाला, तू मशीनं सुरू करायची पद्धत बदललीस. बटण दाबलं की पडद्यावर आता ‘आयपिक्सी’ असं काहीतरी लिहून येतं म्हणे. मला आधी वाटलं, त्याने कुठलीतरी जाहिरात वाचली असेल.

तुला मी शिकवलं. तुझी नेमणूक व्हावी म्हणून प्राचार्यांसमोर मी बोललो. खुर्ची तुझ्या हवाली केली आणि गावी येऊन राहिलो. त्या लॅबमधल्या एकाही मशीनला डिस्क नाही. कॉलेजने डिस्क घेऊन दिल्या नाहीत म्हणून मी ती तशी उभी केली, आणि पुढे तेच तिचं वैशिष्ट्य झालं. मशीन तारेवरून कोपऱ्यातल्या सर्व्हरला हाक मारतं, सर्व्हर त्याला एक इवलीशी फाईल देतो, आणि ती फाईल बाकीची सगळी सिस्टीम ओढून आणते. तिला बूट लोडर म्हणतात. हे तुला ठाऊक आहे, पण विसरल्यासारखं दिसतंय म्हणून लिहितो. माझी फाईल होती पिक्सीलिनक्स. येते, काम करते, बाजूला होते. इतकी वर्षं तिने कधी तोंड वर केलं नाही.

तुझी आयपिक्सी मी पाहिलेली आहे. तिला वेबवरून फाईल आणता येते, तिच्यात स्क्रिप्ट लिहिता येते, आणखी काय काय येतं. नवरदेवाला घोड्यावर बसवायला माणूस बोलवावा आणि त्याने स्वतःच घोड्यावर बसून वरात काढावी, तशातली ती.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू ‘हो सर, हो सर’ म्हणतेस आणि करायचं तेच करतेस. कागदावर ‘हो सर’ने पान भरत नाही. उत्तर दे.

ही शेजारी बसलीय. म्हणते, ‘रिटायर झालाय न्हवं? आता गप बसा की.’ लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गोजरबाईंना अजून आशा आहे.

आशीर्वाद राखून ठेवले आहेत.

आबासाहेब सुर्वे


सोलापूर,
२१ जून २०२४

आदरणीय सर,

तुमचं पत्र कॉलेजच्या पत्त्यावर आलं, म्हणून ऑफिसात फोडलं गेलं आणि प्राचार्य बिराजदार सरांच्या टेबलावरून फिरून माझ्याकडे आलं. त्यांनी ते आवडीने वाचलेलं दिसतं; दोन ठिकाणी पेनाने रेघा आहेत. यापुढे घरी लिहा, पत्ता खाली देते.

आता वरातीबद्दल. उन्हाळ्यात एका बँकेने कॉलेजला आपली मशीनं दिली. तुमच्या मशीनांपेक्षा बरीच नवी. त्यांच्यापुढे तुमची पिक्सीलिनक्स ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मशीनला पहिलं जागं करणाऱ्या जुन्या बायोसची ती फाईल आहे, यांच्यात त्याच्या जागी यूईएफआय आहे. त्यासाठीची तिची वेगळी फाईल आहे, तीही लावली. निम्म्या मशीनांवर पडदा काळा. तिची नवी आवृत्ती कधी निघाली ते तुम्हीच आठवून सांगा, मला वाटतं मी तेव्हा तुमच्याच वर्गात होते.

मग ग्रब हा तिसरा बूट लोडर लावून बघितला. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर ते चालतं, कारण त्यावर मान्यतेची डिजिटल सही असते, आणि सही नसलेलं काही ती मशीनं आत घेत नाहीत. पण तारेवरून फाईल आणायची म्हटलं की ग्रब रांगेतल्या सरकारी कारकुनासारखं वागतं. सावकाश आणतं, आणि अडलं तर कुठे अडलं ते सांगत नाही.

आयपिक्सी सांगते. पत्ता मिळाला नाही तर तसं म्हणते, फाईल सापडली नाही तर तसं. आणि वेबवरून आणते म्हणून सगळा वर्ग एकदम मशीनं लावतो तेव्हा दम लागत नाही. तुमच्या वेळी मुली बटण दाबून हजेरी देऊन वही काढून बसायच्या, तरी पडद्यावर काही नसायचं. मीही त्यांच्यात होते, म्हणून सांगते. खोट एकच. हिच्यावर ती सही नाही. म्हणून प्रत्येक मशीनमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावं लागलं.

जुनी मशीनं अजून तुमचीच फाईल घेतात. सर्व्हर आधी मशीन कोणतं ते बघतो आणि त्याला चालेल ती देतो.

आपली विद्यार्थिनी,
समरा


मोडनिंब,
३० जून २०२४

समरा,

पत्र वाचलं. ‘दम लागत नाही’ हे वाक्य वाचून पुढचं वाचायची गरज उरली नाही. चहा प्यायला वेळ मिळतो म्हणून चुलीला नावं ठेवणारी तू पहिलीच.

आणि ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी ती तू खोट म्हणून एका ओळीत उरकलीस. बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून मशीन बनवणाऱ्यांनी दाराला कुलूप लावलं. तुझ्या लाडकीकडे किल्ली नाही, तर तू एकेका दाराचं कुलूपच काढून टाकलंस. वर मला ग्रबचे दोष सांगतेस. ग्रब मलाही आवडत नाही. ते घरी जेवायला येतं आणि मांडव घालायला सांगतं. पण निदान किल्ली घेऊन येतं.

तुझ्या बिराजदारांचा परवा फोन आला होता. मी निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. फार अदबीने विचारलं, सर, लॅबमध्ये सध्या जे चाललंय त्याबद्दल तुमचं प्रामाणिक मत काय? मी कशाला लपवू? स्पष्ट सांगितलं, की आज जी पद्धत आहे तिच्यावर भरवसा ठेवू नका, कधी तोंडघशी पाडेल नेम नाही. ते म्हणाले, तुमच्या शब्दाला वजन आहे. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तसं म्हणालं.

तुला वाईट वाटेल. वाटू दे. पोरगी हुशार आहे म्हणूनच बोलतो, मठ्ठ असतीस तर टपालाचं तिकीट वाया घालवलं नसतं.

आबासाहेब


सोलापूर,
२ सप्टेंबर २०२४

आबासाहेब सर,

अभिनंदन.

कार्यकारिणीची बैठक झाली. मला आत बोलावलं होतं. टेबलावर एका पुरवठादाराचा प्रस्ताव होता. प्रत्येक मशीनला स्वतःची डिस्क, प्रत्येक डिस्कवर स्वतःची सिस्टीम, नेटवर्कवरून सुरू करण्याचा सगळा प्रकार बंद. हा प्रस्ताव उन्हाळ्यापासून बिराजदार सरांच्या कपाटात होता, फक्त तो पुढे करायला त्यांना निमित्त हवं होतं. मी बोलायला उठले. परीक्षेच्या आदल्या दिवशी एका जागी केलेला बदल सगळ्या मशीनांना कसा मिळतो, एका वर्गाने केलेली घाण दुसऱ्या वर्गाला कशी दिसत नाही, तेवढं सांगून झालं होतं. तेव्हा सरांनी हात वर केला आणि म्हणाले, ‘ही लॅब ज्यांनी उभी केली त्या आबासाहेबांनी मला स्वतः सांगितलंय, की आता तिच्यावर भरवसा ठेवू नका.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बिराजदार सर खोटं बोलतात म्हणू? तुम्ही ते बोलला होतात, मला तसं लिहूनही पाठवलं होतं.

मी खाली बसले. ठराव झाला. पुढच्या आठवड्यात डिस्क बसल्या, सर्व्हर धुळाने स्टोअरमध्ये नेऊन ठेवला. तुमची पिक्सीलिनक्स आणि माझी आयपिक्सी दोघी त्याच्यातच आहेत, एकमेकींच्या शेजारी. आता लॅबला वेगळ्या जाणकार माणसाची गरज नाही, म्हणून माझी कंत्राटी जागाही संपवली. निरोप समारंभ नव्हता. धुळाने चहा आणला.

माझ्या अब्बांनी विचारलं, ‘तुझे सर असं का म्हणाले?’ मी म्हणाले, त्यांना एक बूट लोडर आवडत नाही. त्यांनी मला तीनदा नीट सांगायला लावलं. तरी त्यांना ते कळलं नाही. मलाही सांगताना कळेनासं झालं.

समरा मुजावर


मोडनिंब,
११ सप्टेंबर २०२४

समरा,

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीने सोलापूरला गेलो. काय झालं ते सांगतो, रंगवत नाही.

बिराजदारांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हणालो, मी त्या दिवशी जे बोललो ते आयपिक्सीबद्दल बोललो होतो, लॅबबद्दल नाही. नेटवर्कवरून मशीनं चालू करण्याबद्दल तर मुळीच नाही.

ते हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, ‘सर, मला त्यातला फरक कळत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारलं.’

मी आयुष्यभर प्राचार्यांना मठ्ठ म्हणत आलो. ज्याला फरक कळत नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्याच्या हातात मी ते वाक्य दिलं होतं, कारण त्याने मला अदबीने विचारलं होतं. मी म्हणालो, पोरीला परत घ्या. ते म्हणाले, जागाच राहिली नाही सर, ठराव झालाय. चहा चांगला होता. तो प्यालो याची आता चीड येते.

मग लॅबमध्ये गेलो. प्रॅक्टिकल चालू होतं. निम्मी मशीनं अपडेट घेत फिरणारं चक्र दाखवत होती आणि मुली त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. एका मुलीचं मागच्या वेळचं काम दुसऱ्याच मशीनवर राहिलं होतं, तिथे आता भलतीच कुणी बसली होती. एका मशीनवर कुणीतरी गाणी भरून ठेवली होती. प्रॅक्टिकल घेणाऱ्या नव्या बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्या बिचाऱ्या पेन ड्राईव्ह घेऊन एकेका मशीनपाशी पळत होत्या. मी मात्र पुरवठादाराचं नाव विचारलं आणि मनातल्या मनात त्याचा यथेच्छ उद्धार केला.

स्टोअरमध्ये धुळाने सर्व्हर चालू करून दिला. तू कसं बसवलं होतंस ते बघितलं. जुन्या मशीनला माझी, नव्या मशीनला तुझी. तू हे मला पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं नव्हतं असं नाही, वाचून सोडून दिलं होतं. मला तेव्हा तुझं चुकलेलंच हवं होतं.

मी चुकलो. याच्यापुढे हे वाक्य लांबवत नाही. लांबवलं की मला त्यातून सबबी सुचायला लागतात.

आबासाहेब

ता. क. पोरी, मी गोजरबाई. खालच्या ओळी मीच लिव्हल्यात, अक्षर वाचून घे. हे सोलापूरवरनं आल्यापास्नं कुणाला नावं ठेवंनात, म्हंजी बघ. पर त्येंनी तुज्याशी लई वंगाळ केलं, ते मी त्येंच्या तोंडावर सांगिटलंय. तू जेवत जा नीट.


मोडनिंब,
१२ नोव्हेंबर २०२४

समरा,

दिवाळी होऊन गेली. उत्तर नाही. उत्तर द्यावंस असा माझा हक्क नाही हे मान्य आहे, पण मान्य असलं तरी पोस्टमन गेल्यावर मी फाटकापाशी उभा राहतो आणि शेजारचे विचारतात, कशाची वाट बघताय.

धुळाकडून कळलं, तू जेऊरला एका ज्युनिअर कॉलेजात लागलीस. पत्ता त्यानेच दिला. जेऊरमध्ये रेल्वेचं स्टेशन सोडलं तर कॉम्प्युटर कुठे असतील असं मला वाटलं, ते लिहून टाकतो, म्हणजे माझी तब्येत बरी आहे हे तुला कळेल.

आबासाहेब


जेऊर,
१९ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

जेऊरमध्ये कॉम्प्युटर आहेत. एक खोलीभर आहेत, आणि एकासारखं दुसरं नाही. कुणी माजी विद्यार्थ्याने दिलं, कुणी पुण्याच्या कंपनीतून आणलं, काही कुठून आली ते संस्थेलाही माहीत नाही. मी यायच्या आधी त्यांच्यावर चादर घातलेली होती आणि पंधरा ऑगस्टला ती काढून फोटो घ्यायचे. डिस्क बहुतेक मेलेल्या. म्हणून मी काय केलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

उशीर का झाला तेही सांगते. तुमचं सप्टेंबरचं पत्र मी ठेवलं, फाडलं नाही. पण उत्तर लिहायला बसले की जे लिहून व्हायचं ते पाठवण्यासारखं नसायचं. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. बैठकीतली ती खुर्ची मला अजून आठवते. तुम्ही सोलापूरला जाऊन बोललात हे खरं आहे, आणि त्याने काही बदललं नाही हेही खरं आहे.

आता एक गोष्ट अशी लिहिते जी वाचून तुम्ही खूश व्हाल, आणि त्याचा मला आत्ताच राग येतोय. कंपनीतून आलेल्या मशीनांच्या बायोसला पासवर्ड आहे. तो कुणालाच माहीत नाही, कंपनी दाद देत नाही. म्हणजे सिक्युअर बूट बंद करता येत नाही. म्हणजे माझी आयपिक्सी दाराबाहेर. शेवटी ग्रब लावलं. ज्याला मी कारकून म्हणाले होते ते रोज सकाळी सावकाश येतं आणि न चुकता काम करतं. बाकीच्या नव्या मशीनांवर आयपिक्सी आहे. सगळ्यात म्हाताऱ्या मशीनांवर तुमची.

त्या म्हाताऱ्यांतली तीन सुरूच होत नाहीत. हाक मारतात, पत्ता मिळत नाही, थांबतात. तार बदलली, सर्व्हर तपासला. गंमत म्हणजे मध्ये तारा जोडायचा एक साधा जुना हब लावला की चालतात, नव्या स्विचला थेट जोडली की नाही. का, ते मला कळलेलं नाही. मी हब लावून मोकळी होऊ शकते, पण मला कळायला हवं आहे.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं नसतं, माझा जादा वर्ग असतो. कुर्डुवाडीहून गाडी आहे. आलात तर सोलापूरचा विषय काढू नका.

समरा


मोडनिंब,
३ फेब्रुवारी २०२५

समरा,

तू समोर होतीस तरी परवाचं लिहितो, कारण ही विचारते आणि मला तोंडाने सांगता येत नाही.

गाडी उशिरा आली, डब्यात उभं राहून आलो, आणि जेऊरला उतरल्यावर ज्याला कॉलेज विचारलं त्याने मला शाळेत पाठवलं. म्हणजे मी पोचलो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दारात उभा राहिलो. तू फळ्याजवळ होतीस. वर्ग भरलेला होता. मला वाटलं, तू ‘या सर’ म्हणशील आणि मला मागच्या बाकावर बसवशील.

तू मुलांना म्हणालीस, ‘हे आबासाहेब सुर्वे सर. सोलापूरची माझी नोकरी यांच्यामुळे गेली. आणि नेटवर्कवरून मशीन कसं सुरू होतं ते मला यांनीच शिकवलं.’

सोलापूरचा विषय मी काढायचा नव्हता, तू काढलास. पोरं आधी तुझ्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. पुढच्या बाकावरची ती दोन वेण्यांची मुलगी तर माझ्या तोंडाकडे असं बघत होती की आता हा माणूस काय खोटं बोलतो ते पकडायचंच. मी आयुष्यात वर्गापुढे कधी अडखळलो नव्हतो.

मी म्हणालो, ‘दोन्ही खरं आहे.’

एवढंच बोलता आलं. तू खडू पुढे केलास. तो घेऊन मी फळ्यापाशी गेलो.

ती तीन मशीनं हबवर चालतात हे तू शोधलं होतंस म्हणून मला पुढचं दिसलं. नाहीतर मीही तारा ओढत बसलो असतो. नवा स्विच मशीन जोडलं की लगेच दार उघडत नाही. तारांचा कुठे गोल फेरा तर झालेला नाही ना, हे तो आधी तपासत बसतो, आणि तोवर ही म्हातारी मशीनं हाका मारून दमतात. मध्ये हब सतत जोडलेला असला की स्विचचा तो तपास आधीच उरकलेला असतो. स्विचमध्ये जाऊन त्या दारांपुरता तो तपास तू बंद केलास, तिन्ही पडदे उजळले, आणि पोरांनी बाक वाजवले. कुठल्या कॉलेजात बाक वाजवू देतात? शिस्त नाही तुझ्या वर्गाला.

स्टेशनवर तू मला सोडायला आलीस. गाडी येईपर्यंत आपण ग्रबवर भांडलो. तिथल्या हमालाने दोनदा वळून बघितलं. तू ग्रबची बाजू घेऊन बोलत होतीस आणि मी आयपिक्सीची घेत होतो, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं. गाडी हलताना तू खिडकीपाशी म्हणालीस, ‘सर, माफ केलेलं नाही. शनिवारी आणखी मशीनं येणार आहेत.’

हे मी गोजरबाईंना शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग जानार का न्हाय?’ मी म्हणालो, जेऊरसारख्या गावात दर शनिवारी कोण मरायला जातं. त्या उठून आत गेल्या आणि डबा घासायला काढला.

तुझा,
आबासाहेब